थंड असताना कोरडा

कँटीनमध्ये चहाचा कप तोंडाला लावता लावता त्याला कळलं, की आपल्या बायकोने एक प्रश्न आपल्याला सोडून दुसऱ्याला विचारलाय. सांगणारा तो दुसराच होता. हँगर. अणुवीज केंद्रातल्या पाइपांना वरून टांगून धरणाऱ्या स्प्रिंगांचं काम त्याच्याकडे होतं. शिवाय शर्ट खांद्यांवरून असा लोंबायचा, की आत माणूस आहे की नाही अशी शंका यावी. त्यामुळे रुजू झाला त्याच आठवड्यात त्याला हे नाव पडलं होतं आणि त्याने ते हसत घेतलंही होतं. तर हँगर ट्रे घेऊन समोर बसला, साखरेची पुडी फाडली आणि सहज म्हणाला, "तुमच्या मॅडमनी काल काय प्रश्न टाकला हो. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही."

"कुठला?"

"थंड असताना कोरडा असलेला जोड गरम झाल्यावर का गळतो."

"हां, तो," तो म्हणाला. "बोललो आम्ही घरी."

हे खोटं होतं. घरी काल बोलणं झालं होतं ते आईच्या डोळ्यांच्या थेंबांबद्दल आणि गॅलरीच्या नळाबद्दल. हँगरने मान डोलावली, "मग तुमचं काय मत?" असं विचारलं, आणि याने घड्याळ बघून खुर्ची मागे सारली. चहा अर्धा राहिला. यांत्रिक देखभालीच्या इमारतीपर्यंतचा रस्ता तो रोज तंद्रीत चालायचा, आज मात्र प्रत्येक खांब नजरेत भरत होता. इतकं काय झालं, असं त्याने स्वतःला समजावलं. बायकोने सहकाऱ्याला कामाचं काहीतरी विचारलं. ती किरणोत्साराच्या विभागात आहे, हवा तपासते, कुठल्या खोलीत किती वेळ थांबायचं ते ठरवते. तिला दिवसभरात पन्नास माणसांशी बोलावं लागतं. पण पाइपांचे जोड म्हणजे तो. फ्लँज, गास्केट, बोल्ट, कुठे काय किती आवळायचं, हे सगळं या केंद्रात गेली कित्येक वर्षं त्याच्या नावावर होतं. दाताचं दुखणं असलेल्या माणसाने दंतवैद्य नवऱ्याला ओलांडून गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात जावं, तसं काहीसं. ही उपमा सुचली तेव्हा त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण त्या दवाखान्याचं दारही त्याला दिसायला लागलं होतं.

त्यांचं लग्न खरं तर प्रश्नांवरच जमलं होतं. प्रशिक्षणाच्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली ती अशी: "हे पंप इतके खाली, खड्ड्यात का बसवतात? वर ठेवले असते तर दुरुस्तीला सोपं नसतं का गेलं?" त्याला तेव्हा उत्तर आलं नव्हतं. तसं त्याने कबूल केलं, ग्रंथालयात जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात किटली उकळवून तिला दाखवलं, की गरम पाणी वर ओढायला गेलं तर त्याची वाफ होऊन बसते आणि पंप नुसताच वाफेवर खडखडतो. त्याच्या डोक्यावर पाण्याचं ओझं हवं, म्हणून तो खाली. ती ओट्याला टेकून उभी होती. तिने चष्मा काढून पदराला पुसला आणि परत लावलाच नाही. काही समजत असलं की तिला चष्मा नको असतो, हे त्याला पुढे कळलं. मग त्याने तिला विचारलं, "भट्टी बंद केल्यावरही पाणी का फिरवत ठेवायचं? चूल विझवली की विझली." ती म्हणाली, "ही चूल नाही रे. फुटलेले अणू आत असतातच. ते आपापल्या सवडीने शांत होतात, त्यांना घाई करता येत नाही." पुढे स्कूटरवर मागे बसून ती वाऱ्यात ओरडून गास्केटबद्दल विचारायची आणि हा पुढून ओरडून उत्तर द्यायचा, सिग्नलला शेजारचे लोक वळून बघायचे. हे सगळं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण त्याच्या मनात प्रेम या शब्दाला जो काही आकार होता, तो तिच्या "म्हणजे?" या शब्दाचा होता. भुवया वर जायच्या, ओठ किंचित उघडे राहायचे आणि शेवटचा स्वर लांबायचा. म्हणजे?

ती "म्हणजे?" शेवटची कधी म्हणाली, ते तो टेबलावर बसून आठवत राहिला. समोर दुरुस्तीला आलेला एक व्हॉल्व्ह उघडून ठेवला होता. आठवला तो एका साहेबांचा निरोपसमारंभ. त्याच्या थोडं आधी तिने विचारलं होतं, एका बोल्टवर कधीकधी दोन नट का लावतात, एकाने भागत नाही का. चांगला प्रश्न होता. थरथरीने पहिला सैल होऊ नये म्हणून दुसरा त्याला दाबून धरतो. पण समारंभात प्लेटा हातात घेऊन सगळे उभे असताना त्याने तो किस्सा करून सांगितला: "मी म्हटलं, बाई गं, बोल्टला दोन नट चालतात, संसारात मात्र एकच नट पुरे, आणि तो मी आहे." मोठे साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. तीही हसली. मग खाली प्लेटमध्ये बघत चमच्याने काहीतरी बाजूला सारत राहिली. विनोद जमला होता, त्याला अजूनही तो जमलेलाच वाटत होता. लोकांना हसवणारा नवरा सगळ्याच बायकांना मिळत नाही, असा विचार त्याने तेव्हा घरी जाताना केला होता.

संध्याकाळी ती भाजी चिरत होती. तो उगाचच स्वयंपाकघरात घुटमळला, फ्रीज उघडला, बंद केला.

"काय विशेष आज?" त्याने विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच."

"तुमच्याकडे ते हवेचे आकडे वाढलेत म्हणे, पंपाच्या खोलीत?"

सुरी क्षणभर थांबली. "थोडेसे. बघतोय आम्ही."

आम्ही. या शब्दात नेमकी किती माणसं मावतात, ते त्याला विचारायचं होतं. त्याऐवजी त्याने कोथिंबिरीच्या काड्या उचलून कचऱ्यात टाकल्या. जेवताना आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला ऐकू कमी यायला लागलं होतं आणि दिसायला जास्त. "तुम्ही दोघं हल्ली भांडत नाही जेवताना," ती म्हणाली. "पूर्वी ते पंप न् नळ्या न् काय काय चालायचं, माझा घास तोंडात राहायचा. आता घराचं वाचनालय झालंय नुसतं."

"कामं वाढली, आई," बायको म्हणाली.

"कामं वाढली की भांडणं वाढायला हवीत," आई म्हणाली आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्याला किरणोत्साराच्या विभागात जायचं काहीच कारण नव्हतं. तरी तो एका पंपाचा नकाशा काखेत मारून निघाला, नकाशा हातात असला की माणसाला कुणी काही विचारत नाही. तिच्या खोलीचं दार काचेचं होतं. आत फळ्यासमोर हँगर उभा होता आणि ती टेबलाच्या कडेवर टेकलेली. फळ्यावर हँगरने पाइप काढली होती, तिला वर बाण, खाली बाण, एक स्प्रिंग, आणि टोकाला दोन तबकड्या एकमेकींवर दाबलेल्या, म्हणजे जोड. चित्र अगदीच गचाळ होतं. तो स्वतः याहून कितीतरी सुबक काढायचा. हँगर काहीतरी बोलला, थांबला, डोकं खाजवलं, आणि बोटाने बाण पुसून उलटा काढला. ती हसली. तिचा चष्मा तिच्या हातात होता.

बाकी सगळं त्याने गिळलं असतं. हसणं चाललं असतं, टेबलाच्या कडेवर टेकणंही चाललं असतं. पण तो चष्मा तिच्या उजव्या हातात, एक काडी उघडी, एक मिटलेली, आणि तिचे ते उघडे, जवळचंही धड न दिसणारे डोळे त्या लोंबत्या शर्टावर लागलेले. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ त्याला वाचता आले. म्हणजे? आत काहीतरी आवळलं गेलं, पाना लावून पाव फेरी द्यावी तसं. त्याला वाटलं दार ढकलून आत जावं आणि उत्तर सांगून टाकावं, एका दमात, फळा पुसून. पण उत्तर त्याला माहीत नव्हतं. प्रश्न ऐकल्यापासून त्याने प्रश्नाचा विचारच केला नव्हता, प्रश्न कुणाला विचारला याचाच केला होता. तो तसाच मागे फिरला. जिन्यात एकाने "काय सर, इकडे कुठे?" म्हटलं, त्याला त्याने काखेतला नकाशा दाखवला.

टेबलाशी येऊन त्याने कागद ओढला. आता उत्तर मिळवायचंच होतं, पण त्या मिळवण्यात पूर्वीची गोडी नव्हती. एखाद्याच्या खिशातून काही काढून घ्यावं तशी घाई होती. पंपाच्या खोलीत जड पाण्याचे जोड मोजकेच. भट्टीतली उष्णता वाहून नेणारं हे पाणी तिथे राहून राहून स्वतःच किरणोत्सारी झालेलं असतं, त्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, साठतं, आणि कुठे जोड झिरपला की त्याची वाफ खोलीच्या हवेत मिसळते. म्हणून तिच्या यंत्रांना गळती माणसांच्या आधी कळते. आकडे वाढतात ते भट्टी तापली की. थंड झाली की उतरतात. म्हणजे जोड गरमपणी सैल होतो. जोडात काय असतं? दोन फ्लँज, म्हणजे पाइपांच्या टोकांच्या तबकड्या, मध्ये गळती अडवणारं गास्केट, आणि सगळ्याला धरून ठेवणारे बोल्ट. गरम झालं की सगळंच वाढतं. सगळं सारखं वाढलं तर काहीच बिघडत नाही. बोल्ट जर फ्लँजपेक्षा जास्त लांबले...

पेन्सिल कागदावरच थांबली. गेल्या दुरुस्तीच्या वेळी एका जोडाचे बोल्ट गंजलेले निघाले होते. नेहमीचे नवे यायला वेळ होता. भांडारात तेवढ्याच मापाचे, तेवढ्याच ताकदीचे स्टेनलेसचे बोल्ट पडून होते आणि त्याने स्वतः ते लावायला सांगितले होते. सांगताना बरंही वाटलं होतं, पुन्हा गंजाची कटकट नाही. आवळण्याचा जोर स्वतः तपासला होता. थंड असताना. स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त लांबतं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. फ्लँज साध्या पोलादाची होती. बोल्ट लांबणार, पकड सुटणार, जोड झिरपणार. निवला की बोल्ट आखडणार, पकड परत येणार, आणि बघायला गेलेल्या माणसाला सगळं कोरडं दिसणार.

कानशिलं तापली. चूक सापडली याची लाज वाटलीच, पण लगेच तिच्या मागून दुसरं काहीतरी आलं. हिला संशय असणार. जोड कुणी बंद केला ते हिला माहीत आहे. नवऱ्याने केलेलं काम तपासायला हिने दुसरा माणूस शोधला, आणि तो फळ्यावर गचाळ चित्रं काढून माझी चूक धुंडाळतोय, आणि ही चष्मा काढून बघतेय. पण हँगरचं चित्र आठवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हँगरला काही कळलेलं नाही. हँगरने बाण काढले होते ते पाइपवर आणि स्प्रिंगवर. त्याला वाटतंय दोष त्याच्याच स्प्रिंगचा. बिचारा स्वतःलाच पकडायला निघालाय. त्याने कागदाची चौकोनी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा बायकोशी जरा जास्तच गोड बोलला. आईच्या डोळ्यांत थेंबही त्यानेच घातले.

बैठक मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. हँगर उभा राहून बोलला, अडखळत. म्हणाला, पाइप तापली की उचलली जायला हवी, तिच्याबरोबर स्प्रिंगही हलायला हवी. त्याला शंका आहे की स्प्रिंग कुठेतरी अडकलीये, त्यामुळे पाइप वर न जाता जोडाला पिरगाळते. "माझ्याकडून तपासायचं राहिलं असेल," तो म्हणाला. "नक्की माहीत नाही. तापवून बघितलं तर कळेल." नक्की माहीत नाही, हे शब्द त्याने इतक्या सहज उच्चारले की जणू ती पदवीच होती. बायको मान हलवत होती. मोठे साहेब वळले.

"जोडाचं काय? तुमचं मत?"

खिशातल्या घडीचं टोक छातीला टोचत होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलल्यावर खोलीत काय होईल, ते त्याला दिसत होतं: हँगर "अरे हो की" म्हणेल, मनापासून, आणि बायको वळून बघेल ती याच्याकडे नाही, हँगरकडे, त्याला कसं वाटलं ते बघायला. त्याउलट गप्प राहिलं तर? स्प्रिंग सोडवतील, तापवतील, आकडे वाढतील, हँगर तोंडघशी पडेल. मग दुसऱ्या दिवशी सावकाश, फळा पुसून, सुबक आकृती काढून, आपण.

"जोड ठीक आहे," तो म्हणाला. "आवळणी मी स्वतः तपासलीये."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दोन शब्द कमी होते फक्त: थंड असताना.

"बरं. मग हळूहळू तापवा," साहेब म्हणाले. "खोलीत जाऊन जोडाजवळच्या हवेचा नमुना कोण घेणार?"

"मी घेते," बायको म्हणाली. "दुसरं कुणी गेलं तर नेमक्या जागेचा घेणार नाही."

तेव्हाही वेळ होती. नंतर तो याच जागी पुन्हा पुन्हा येऊन थांबायचा, ती "मी घेते" म्हणाली आणि साहेबांनी पुढचा विषय काढला, त्यामधल्या फटीत. त्याने काय विचार केला होता? प्लास्टिकचा सूट असतो. नळीतून ताजी हवा येते. पाचदहा मिनिटांचं काम. ती हे शेकडो वेळा करते. असे विचार त्याने केले, एकामागून एक, नीट रांगेत, आणि प्रत्येक विचार बरोबर होता.

ती आत गेली तेव्हा तो बाहेरच्या जाड दाराशी उभा होता. थांबायचं कारण नव्हतं, तरी थांबला. दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याच्या कानाला फोन होता, आतून येणारं तिचं बोलणं तो मोठ्याने सांगत होता. आत पोचल्या. स्प्रिंग हलतेय म्हणतात, छान हलतेय. हँगर शेजारीच होता, तो "हलतेय?" म्हणाला आणि त्याचा चेहरा गोंधळून गेला. जोडाजवळ चालल्यात. मग कर्मचारी गप्प झाला. फोन कानाला घट्ट दाबला. "वाफ दिसतेय म्हणतात. जोडातूनच." आणि जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "नळी अडकली. थांबा, हवेची नळी अडकलीये कशाला तरी." हँगर सूटच्या खुंट्यांकडे धावला. हा मात्र हलला नाही. डोक्यात एकच गोष्ट चालू होती, अगदी स्वच्छ: बोल्ट. बोल्ट. बोल्ट.

ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. वळताना नळी पाइपच्या आधाराला अडकून हिसका बसला होता, टोपाजवळची जोडणी सुटली होती, आणि ती परत बसवेपर्यंत तिने त्या खोलीतली हवा ओढली होती. केस ओले चिकटलेले, ओठ पांढरे. डॉक्टरांनी लघवी तपासली. ट्रिटियम शरीरात गेलं होतं. जीवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण वर्षभरात जेवढा किरणोत्सार चालेल त्यातला मोठा वाटा एका दमात गेलाय. आता कित्येक महिने त्या भागात पाऊल टाकायचं नाही. बाकी औषध एकच: पाणी. भरपूर पाणी प्यायचं, म्हणजे ते धुऊन निघतं. "नुसतं पाणी?" त्याने विचारलं. "चहा चालेल, सरबत चालेल," डॉक्टर म्हणाले. "प्यायला लावा त्यांना. नवऱ्याचं काम आहे ते."

घरी ती जेवणाच्या टेबलाशी बसली, समोर पाण्याचा जग. उन्हं कलली होती. आईला एवढंच सांगितलं होतं, की कामावर जरा त्रास झाला, पाणी जास्त प्यायचंय. आई जरा वेळ सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिली आणि मग आपल्या खोलीत गेली. तो समोर बसला. ती ग्लासमागून ग्लास पीत होती, चेहरा वाकडा न करता, काम उरकावं तसं.

"हँगर फार वाईट वाटून घेतोय," ती म्हणाली. "त्याला वाटतंय त्याच्यामुळे मला आत जावं लागलं. स्प्रिंग तर चांगली होती."

"स्प्रिंगचं नव्हतंच ते," तो म्हणाला. "बोल्टांचं आहे. स्टेनलेसचे लावलेत, मीच लावलेत. तापले की फ्लँजपेक्षा जास्त लांबतात."

तिने ग्लास खाली ठेवला. चष्मा डोळ्यांवरच होता. विचार करायला तिला वेळ लागला नाही.

"बरोबर," ती म्हणाली. "बरोबर आहे. कधी लक्षात आलं? आत्ता?"

कितीतरी दिवस ती आपल्याला काहीतरी विचारेल म्हणून तो थांबला होता. "नाही," तो म्हणाला. "बैठकीच्या आधी."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. इंजिन धरत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावलेली दिसत नव्हती. आकडा चुकीचा वाटला की ती यंत्राकडे जशी बघते, तशी बघत होती.

"मी घेते म्हटलं, तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"मग का नाही बोललास?"

याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. मनात ते मोठं होतं, त्याला बाजू होत्या, वर्षं होती. तोंडातून बाहेर आलं ते एवढंसं. "तू मला विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. "त्याला विचारलंस."

तिने चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "जोड तुझा होता म्हणून. तुला विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, मी तुझी चूक काढतेय. तुझ्याकडून काही राहिलं असेल असं मला खरंच वाटत नव्हतं. म्हटलं आधी बाकीचं सगळं तपासून होऊ दे, तोवर तुझं नावच नको." ती थांबली. "तुला सांभाळत होते मी."

जग रिकामा होत आला होता. तो भरायला त्याने हात पुढे केला, पण तेवढ्यात तिने स्वतःच तो उचलला, ओट्याकडे गेली आणि त्याच्याकडे पाठ करून नळ सोडला. पाणी भरत असतानाच म्हणाली, "हँगरला उद्या तू सांग. मी सांगणार नाही. आणि त्याला आधी, साहेबांना मग."

पुढे सगळं रीतसर झालं. भट्टी थंड केली, नेहमीचे बोल्ट आले, ते लावले दुसऱ्यांनी, आणि पुन्हा तापवल्यावर जोड कोरडा राहिला. त्याला देखभालीतून काढून प्रशिक्षणाच्या विभागात बसवलं. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा त्याने मत्सर हा शब्द वापरला होता, आणि साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, की असलं काही वरती कळवता येत नाही, आपण अनवधान म्हणू. घरी ती पूर्वीसारखीच वागत होती. आईच्या थेंबांबद्दल बोलायची, नळाबद्दल बोलायची. नुसतं वरवर बघितलं तर वाटावं, काहीच झालं नाही. पण त्याला या सगळ्यापेक्षा जास्त आठवते ती त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

हँगरची खोली लहान होती, खिडकीशी स्प्रिंगांचे नमुने रांगेत ठेवलेले. हँगर दाढी न करता आला होता. याला बघून तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मॅडम कशा आहेत? माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे नाही," तो म्हणाला. "बसा. मला सांगायचंय."

हँगर बसला. याने बोल्टांपासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. स्टेनलेस, साधं पोलाद, कुठलं किती लांबतं. मग बैठक. मग, आपल्याला ते आधी माहीत होतं, हे. का, तेही. आता हा माणूस उठेल, ओरडेल, निदान तोंड फिरवेल, अशी त्याची अपेक्षा होती. तशी आशाच होती म्हणा. हँगरचा चेहरा मधेच एकदा कोरा पडला, दुखावल्यासारखा, त्याने खिडकीकडे बघितलं. मग वळला. हातातली पेन्सिल खाली ठेवली, कोपरं टेबलावर टेकली आणि म्हणाला, "थांबा. बोल्ट किती लांब होते? कारण लांबी जास्त असेल तर पकड इतकी सुटायला नको."

हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. हिशेबात त्याने बोल्टांची लांबी धरलीच नव्हती. "माहीत नाही," तो म्हणाला. असं म्हणून त्याला किती वर्षं झाली होती.

"बघू या मग," हँगर म्हणाला आणि कोरा कागद मध्ये ठेवला. तो सांगू लागला आणि हँगर ऐकू लागला. ऐकताना त्याचा तो लांब, ओबडधोबड चेहरा पूर्ण उघडा झाला होता. त्यात राग नव्हता, घाई नव्हती, समोरच्याच्या आधी पोचायची धडपड नव्हती. कुणीही अशा चेहऱ्यासमोर बसून काहीही विचारलं असतं. म्हणजे ती रोज याच्यासमोर बसत होती. आत पुन्हा तेच आवळलं गेलं, पूर्वीपेक्षाही घट्ट, कारण तिने याला का विचारलं ते आता त्याला पटलं होतं. त्याने पेन्सिल उचलली आणि दोन तबकड्या काढायला घेतल्या.